आलोच

मुजीब,

माझ्या चुकीमुळं तुझ्या बायकोला मेसेज आला, की तू अर्धमॅरेथॉन यशस्वीपणे पूर्ण केल्याबद्दल तुझं हार्दिक अभिनंदन. तुला जाऊन तेव्हा सत्तेचाळीस दिवस झाले होते.

आधी कबूल करायचं आणि मग सारवासारव करायची, ही माझी पद्धत तुला पाठ आहे. तर सारवासारव ऐक. पहिलं वर्ष सोडलं तर फॉर्म दरवर्षी मीच भरायचो, दोघांचा एकदम. यंदाही पावसाळ्यात तुला विचारलं होतं, तर म्हणालास, "भर की. गुडघा तोपर्यंत ठीक होतोच." मी भरला. तुझ्या फॉर्मवर तुझा मोबाईल नंबर टाकला. आता तो मोबाईल भाभी रोज चार्जिंगला लावून ठेवतात, हे मला माहीत होतं. पण चार्जिंगला लावलेल्या मोबाईलवर मेसेजही येतात, एवढा पुढचा विचार मी आयुष्यात कधी केलाय?

शर्यतीच्या आदल्या दिवशी छातीवर लावायचे नंबर घ्यायला गेलो. काउंटरवरच्या मुलीनं माझी पावती बघून दोन पाकिटं पुढं केली.

"दुसरे सर कुठायत?"

"येतायत," मी म्हणालो.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं. पण मागं वीसपंचवीस माणसांची रांग, पुढं टी-शर्टांचा ढीग, कर्ण्यावर ढोल. अशा ठिकाणी माणूस मेला असं सांगता येत नाही. पाकिटं उचलून घरी आलो. रविवारी पहाटे माझा नंबर छातीवर लावला आणि तुझा पाठीवर. पाठीवर अशासाठी, की घाटात तू नेहमी माझ्या मागून चालत यायचास आणि तिथून सूचना करायचास. नंबराच्या मागं स्पंजाची एक पट्टी चिकटवलेली असते. पाच वर्षं मी समजत होतो की ती घाम टिपायला असते. ती वेळ मोजायची चिप निघाली.

हसू नकोस. तुलाही माहीत नव्हतं.

खरं म्हणजे मला भाभींना निराळंच काहीतरी सांगायचं होतं. ते सांगायला तुझ्या चाळिसाव्यापर्यंत चार वेळा घरी गेलो आणि चारही वेळा चहा पिऊन परत आलो. ते काय, ते सांगतो. पण आधी तुझ्या त्या शब्दाबद्दल बोलू दे.

'आलोच' हा मराठीतला मोठा मजेदार शब्द आहे. जो अजून निघालेलाच नाही, तोच तो वापरतो. जो खरंच येतो तो काही म्हणत नाही, दिसतो. तू घरात दखनी बोलायचास, माझ्याशी खिचडी, पण हा शब्द मात्र अस्सल मराठीत. कंपनीची वाळूजची बस गारखेड्याच्या चौकात सहा दहाला यायची आणि तू पलीकडच्या गल्लीतून ओरडायचास, "आलोच!" तोंडात ब्रश असायचा, त्यामुळं ऐकू यायचं ते "आओअ." मी एक पाय बसच्या पायरीवर आणि एक पाय रस्त्यावर ठेवून उभा. ड्रायव्हर रोज वैतागायचा.

"ओ साहेब, एक तर आत या, नाय तर खाली व्हा. ही बस हाय, झोका नाय."

"आलाच तो," मी म्हणायचो.

अठरा वर्षं. माझा डावा बूट उजव्यापेक्षा आधी झिजायचा, आणि बायको म्हणायची, तुम्ही लंगडता का. 'आलोच' ऐकू आलं की थांबायचं असतं, हे सगळ्या गारखेड्यात मला एकट्याला कळत होतं.

पळायची खाज तुझी. कंपनीच्या तपासणीत माझी साखर निघाली, तर तू परस्पर दोघांची नावं घाटातल्या शर्यतीला देऊन आलास. "एकवीस किलोमीटर म्हंजे काय रे, किल्ल्यापासनं खुलताबादेपर्यंत जायचं आणि परत यायचं. लोक लग्नाला जातात तेवढं." लग्नाला लोक जीपनं जातात, हे मला घाटाच्या पहिल्या वळणावर सुचलं.

ती पहिली शर्यत आठवते? आदल्या दिवशी भरपूर खावं, असं मी मोबाईलवर वाचलं आणि तुझ्या घरी भाभींच्या हातचा नान-खलिया हाणला. नान चार. भाभी नको म्हणत होत्या. सहाव्या किलोमीटरला खलियानं निर्णय घेतला आणि मी रस्ता सोडून थेट तुरीच्या रानात पळालो. त्या दिवसातलं माझं सगळ्यात वेगवान पळणं तेच. तू रस्त्यावर पहारा देत उभा. कुणी विचारलं की गंभीर तोंडानं सांगायचास, "अंदर मीटिंग चालू है." तीनशे माणसं आपल्यापुढं गेली. मी बाहेर आलो तर तू म्हणालास, "ठराव पास हुआ क्या?" आणि चालायला लागलास. मला म्हटलं नाहीस, तू हो पुढं, असं. तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

आणि आपला तो वाद. चढावर पळायचं की चालायचं? मी म्हणायचो, चालायचं असेल तर माणसानं भाजी आणायला जावं. शर्यतीत येऊन चालणं हा इतरांचा अपमान आहे. तू म्हणायचास, "घाटकू अदब देना पडता." चढ लागला की तू हात मागं बांधून, सासऱ्याच्या शेतातून फिरल्यासारखा चालायला लागायचास. मी धापा टाकत पुढं, तू मागून निवांत. "सुदाम, खांदे खाली. सुदाम, तोंड मिट, माशी जाईल." घाट संपतो तिथं, कागजीपुऱ्याच्या अलीकडं, चिंचेखाली एक मावशी सीताफळांच्या पाट्या घेऊन बसायच्या. तू भर शर्यतीत थांबून सीताफळं दाबून बघायचास. डोळे उघडलेली निवडून एक पाटी बाजूला काढायला सांगायचास. "मावशी, ही ठेवा. आलोच." आणि परतीच्या उतारावर असा सुटायचास, की मला तुझी पाठही दिसायची नाही. शेवटी पोहोचायचो तेव्हा तू पोहे खाऊन, गाडीनं परत वर जाऊन, पाटी घेऊन आलेला असायचास. दर वर्षी. चार वर्षं माझ्यापुढं, चालून.

मग गेल्या वर्षीचा घाट.

तिसऱ्या वळणावर तू थांबलास. कठड्याला हात लावलास. तुझा चेहरा कागजीपुऱ्याच्या हातकागदासारखा झाला होता, पिवळट, खरबरीत. हे आता आठवतं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तू मागं आहेस.

"तू हो पुढं," तू म्हणालास. "आलोच."

आणि मी झालो पुढं. अठरा वर्षांत पहिल्यांदा मी तो शब्द व्याकरणानं घेतला. एक पायसुद्धा रस्त्यावर ठेवला नाही.

दोन तास एकतीस मिनिटं. माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ. शेवटच्या रेषेवर मी दोन्ही हात वर करून फोटो काढून घेतला, माझे पोहे खाल्ले, मग तुझे पोहे खाल्ले. तू चाळीस मिनिटांनी आलास, जमिनीवर बसलास, आणि म्हणालास, "मुबारक." मी तुझ्याशेजारी वाकून अजून एक फोटो काढला आणि कंपनीच्या जुन्या ग्रुपवर टाकला, 'सशानं कासवाला हरवलं.' अठ्ठावन्न जणांनी अंगठा दाखवला. तूही दाखवलास.

सीताफळं आणायला तू त्या दिवशी परत वर गेला नाहीस. मी विचारलंही नाही.

त्यानंतर तुझा गुडघा सुरू झाला. रविवारी आवाज दिला की गुडघा. हनुमान टेकडीवर चल म्हटलं की गुडघा. मग मी काय केलं असेल? फुलंब्रीला जाऊन माझ्या वहिनीकडून निर्गुडीचं तेल काढून आणलं आणि तुझ्या सोफ्यावर बसून अर्धा तास प्रात्यक्षिक दिलं. वाटी कशी गोल फिरवायची, अंगठा कुठं दाबायचा. तू पँट वर करून लक्षपूर्वक ऐकत होतास. दर आठवड्याला मी विचारायचो आणि तू सांगायचास, "हौ, फरक है." गुडघ्याला काही झालेलंच नव्हतं, छातीतलं होतं, हे मला दवाखान्याच्या जिन्यात कळलं. तेव्हा तू उत्तर देण्यापलीकडं गेला होतास. मी तिथं जिन्यात उभा राहून महिने मोजले, आणि ते बरोबर त्या तिसऱ्या वळणावर जाऊन थांबले.

भाभींना हेच सांगायचं होतं. की तुला घाटात सोडून मी पुढं गेलो.

रविवारी साडेपाचला मी अजूनही चौकात उभा राहतो. शरीराला सवय. समोरच्या दुकानाच्या पायरीवरचं कुत्रं मला बघून आधी शेपूट हलवतं, मग माझ्या मागं बघतं, मग परत झोपतं. आपला दोघांचा तो ग्रुप, 'घाटवाले', मी मिटवलेला नाही. दोन माणसांचा ग्रुप कशाला, असं तू विचारलं होतंस. तो अजूनही सदस्य दोनच दाखवतो. परवा मी त्यावर 'निघालो' असं लिहिलं. एकच बरोबरची खूण आली; भाभी मोबाईल चार्ज करतात, नेट चालू करत नाहीत.

तर यंदाची शर्यत. किल्ल्यापासून सुटलो, घाट लागला, आणि पहिल्याच वळणावर मागून हाक आली, "चलो मुजीबभाई!"

मी गर्रकन वळलो. मागं सिडकोतले वाटावेत असे एक चष्मेवाले गृहस्थ. ते दचकले. नंबरावर नाव छापलेलं असतं, हे मी विसरलो होतो. त्यानंतर घाटभर तेच. पुढून बघणारे म्हणायचे, "शाब्बास सुदामराव," आणि मागचे, "दम धरा मुजीबभाई, संपला चढ." दर वेळी मान वळायची. दर वेळी अनोळखी माणूस.

शेवटी ते चष्मेवाले बरोबरीला आले. "मुजीबभाई, कितवी खेप?"

"सहावी," मी म्हणालो. तुझी खरंच सहावी होती. मग बोलतच गेलो, तुझ्या वतीनं. म्हणालो, घाटात पळू नये, चालावं. घाटाला अदब द्यावी लागते. ते म्हणाले, "अगदी बरोबर आहे," आणि चालायला लागले. पाच वर्षं मी जे तुझ्याकडून ऐकून घेतलं नाही ते त्यांनी एका दमात मान्य केलं. मग मलाही चालावंच लागलं. म्हणून वाद मी हरलो, असं समजू नकोस. मी तुझी बाजू मांडत होतो, एवढंच.

तिसऱ्या वळणावर मी कठड्याला हात लावला. गार होता.

चिंचेखाली मावशी होत्या. मी खाली मान घालून निघून जाणार होतो.

"ओ दादा! थांबा की. तुमचे जोडीदार कुठं हायेत?"

मी थांबलो.

"मागल्या साली पाटी बाजूला काढा, आलोच म्हनले. म्या दुपारपस्तोर ठिवली. लई गिऱ्हाईक मागत व्हतं, नाय दिली. आलेच नाय. यंदाबी भरून ठिवली बघा."

'येतायत' हा शब्द जिभेवर तयार होता. काउंटरवर चालला होता, इथंही चालला असता. पण त्यांनी ती पाटी खरंच पुढं ओढली. वर पळसाची पानं झाकलेली.

"मावशी, ते वारले."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "मंग ही कोन नेनार?"

"मी नेतो. येताना."

"आलोच म्हनू नका तेवढं."

वळसा घालून परत आलो, पाटी उचलली. गाडीनं नंतर येऊन नेता आली असती, हे मला घरी गेल्यावर सुचलं. आता पिकलेली सीताफळं घेऊन घाट उतरणं काय असतं, ते तुला सांगायला हवं. पळालं की ती एकमेकांवर आपटतात. खांद्यावर घेतली की गर मानेवर येतो. डोक्यावर घेतली की टोपी जाते. मी ती पोटाशी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा शर्यतीत उतारावर चाललो. ज्या उतारावर तू सुटायचास, त्या उतारावर तुझा नंबर पाठीवर लावून मी अवघडलेल्या बाईसारखा एक एक पाऊल टाकत होतो. शेजारून बायाबापड्या, म्हातारे, सगळे गेले. "मुजीबभाई, बाजार करून आलात काय?" एकानं विचारलं. हौ म्हणालो.

शेवटच्या रेषेवर माणसं उरली नव्हती. मांडव सोडत होते. कर्ण्यावरचा निवेदक पडद्यावर उमटणारी नावं वाचत होता. त्यानं माझं नाव घेतलं, आणि मग, थोडा थांबून, मोठ्यानं म्हणाला, "आणि हे मुजीबभाई पण आले!"

मी पाटी खाली ठेवली आणि मागं बघितलं. यंदा मला ठाऊक होतं की मागं कुणी नाही. तरी बघितलं. रस्ता रिकामा होता, वर किल्ला.

घरी पोचेपर्यंत भाभींचा फोन आला. एकच वाक्य. "सुदामभाई, घर आओ."

पाटी घेऊन गेलो. भाभी पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या, तुझा मोबाईल हातात, चार्जरची वायर अजून लटकत. कोपऱ्यात फळीवर माझी तेलाची बाटली. अर्धी झालेली.

"ये क्या है?"

मी सगळं सांगितलं. दोन पाकिटं, पाठ, स्पंजाची पट्टी. "मला वाटलं, घाम टिपायला असते."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि मग, इतकी माती खाल्लीच आहे तर आता उरलेली कशाला ठेवायची, असं म्हणून मी ते पण बोलून टाकलं. "भाभी, मागल्या वर्षी मी मुजीबला घाटात सोडून पुढं गेलो. तो कठडा धरून उभा होता. थांबलो नाही मी."

भाभींनी मोबाईल मांडीवर ठेवला. "उनो तो घर आके अलग बोले थे. बोले, सुदाम चढाव पे रोने लगा. बोला, एक बार तो मेरेकू आगे जाने दे. तो मैं छोड दिया."

"भाभी, मी रडलो नव्हतो."

"मालूम है." त्यांनी पाटीवरचं पान बाजूला केलं. "उसी दिन अपना जीना चढते टैम तीन बार बैठे. दूसरे दिन मैंच लेके गई डॉक्टर के पास. बाहर आके पैली बात क्या बोले? सुदामकू नक्को बोलो. बोले तो वो बी मेरे साथ चलने लगेगा."

मी फळीवरच्या बाटलीकडं बघत होतो. त्यांना ते दिसलं. "वो तेल अच्छा है. मेरे घुटने को लगाती मैं."

मग त्यांनी एक सीताफळ उचलून दोन्ही हातांनी उघडलं, अर्धं मला दिलं. "सुनो. तुम रोये थे. वोइच रहने दो. मेरेकू वो बात पसंद है. उनो बहोत हँस के बोले थे."

मुजीब, मी जन्मभर माझ्या फजितीचे किस्से सांगत आलो. सगळे मी केलेले. हा एकच तू मला करून दिलेला. आजपासून तो माझा. कुणी विचारलं तर सांगेन, घाटात मी रडलो, हातापाया पडलो, म्हणून मुजीबनं मला पुढं जाऊ दिलं.

"हौ भाभी," मी म्हणालो. "रडलो होतो."

आणि मला खोटं बोललेलं पचत नाही, म्हणून हातात अर्धं सीताफळ धरून तिथंच ते खरं करून टाकलं. भाभींनी मला थांबवलं नाही. त्या शांतपणे बिया काढत होत्या. एक एक, बशीत. माझं आटोपलं तसा त्यांनी हात पुसला, चष्मा लावला, मोबाईल परत उचलला आणि मेसेज वाचला. बोटानं वर सरकवला. तिथं मागल्या वर्षीचाही मेसेज होता. तोही वाचला. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"तीन घंटे बारा मिनट? अरे, उनो छाती पकडके चले तब बी तीन ग्यारा में आए थे. नाम डुबा दिये तुम उनका."